वर्क फ्रॉम होम म्हणे!

ताई,

मी छत्तीस वर्षांचा, राहायला सिंहगड रोडला. गेल्या वर्षापर्यंत चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होतो. सकाळी सहाची बस, घरी यायला रात्रीचे आठ. बायको खराडीला आयटीत, पगार माझ्या जवळजवळ दुप्पट. मुलगी झाली, बायकोची २६ आठवड्यांची रजा संपली, मग तीन महिने सासूबाई येऊन राहिल्या, मग पाळणाघर. तिथे मुलगी सारखी आजारी पडायची. त्यातच कंपनीने आमची लाइन गुजरातला हलवली. तिकडे या, नाहीतर राजीनामा द्या. आम्ही दोघांनी बसून ठरवलं, की मी घरी राहायचं. त्याला नऊ महिने झाले. मुलगी आता २० महिन्यांची आहे.

तिची आंघोळ, खाणं, शी-शू, लसी, सगळं मी करतो. स्वयंपाकाला मावशी येतात. काय संपलंय, काय आणायचं ते बायको ऑफिसातून मेसेज करते, मी आणतो. कामाचा त्रास नाही. पण सोसायटीत मी सांगून ठेवलंय, की माझं वर्क फ्रॉम होम चालू आहे. कराडला अण्णाही सगळ्यांना तेच सांगतात, बायको ऑफिसात तेच सांगते. सकाळी मुलीला घेऊन खाली उतरताना मी कानात हेडफोन घालतो, मीटिंग चालू असल्यासारखा.

बायको घरी आली की पहिले प्रश्न: हिने काय खाल्लं, हा फ्रॉक का घातलास, नखं का नाही कापलीस. परवा केस कापायला गेलो तर खात्यात पैसे नव्हते. तिला म्हटलं, दोनशे टाक. तिने लगेच पाचशे टाकले, एक शब्द बोलली नाही. तरी मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्या रडू यायला लागलं. पुढच्या महिन्यात कराडला चुलतभावाचं लग्न आहे. जाऊच नये असं वाटतंय. माझं चुकलं का? नोकरी शोधू का?

– एक बाबा

ता. क. दुपारी मुलीला झोपवायला दीड-दोन तास लागतात. थोपटून थोपटून हात भरून येतात. काही उपाय?

*

प्रिय बाबा,

हेडफोनचं वाचलं आणि मी तुमचं पत्र बाजूला ठेवून जरा वेळ आमच्या ह्यांच्या फोटोकडे बघत बसले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हे पिंपरीला ज्या कारखान्यात होते तिथे टाळेबंदी झाली. अकरा महिने चालली. आम्ही शनिवार पेठेत वाड्यात राहायचो. दोन खोल्या, सामायिक नळ, कोणाच्या घरी काय शिजलं ते सगळ्यांना ठाऊक. मी शाळेत शिकवत होते, मुलगा दीड वर्षाचा. टाळेबंदीची बातमी पेपरात येऊन गेलेली, तरी हे रोज सकाळी डबा घेऊन सायकलवर निघायचे. जायचे कुठे, तर लक्ष्मी रोडवर, पुणे नगर वाचन मंदिरात. १८४८ सालचं वाचनालय ते. पेपर उघडून बसलेल्या माणसाला तिथे कोणी काही विचारत नाही. डबा सारसबागेत खायचा आणि सहाच्या सुमाराला दमून घरी यायचं. मुलगा मागच्या गल्लीतल्या एका बाईंकडे असायचा, महिन्याचे पैसे मोजून. म्हणजे घरात एकच पगार, धडधाकट बाप दिवसभर मोकळा, आणि आम्ही पाळणाघर भरतोय! का, तर भरदिवसा मुलाला कडेवर घेऊन नळावर उभं राहणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते नकोच होतं. शिक्षकखोलीत कोणी विचारलं की मी म्हणायची, "जातात की कामाला." म्हातारपणी एकदा ते आपण होऊन म्हणाले, "त्या वर्षी तो बोलायला लागला, आणि मी अग्रलेख वाचत बसलो होतो."

तुम्ही अग्रलेख वाचत बसला नाहीत. तुम्ही आमच्यापेक्षा बरेच पुढचे आहात. फक्त तो डबा अजून तुमच्या हातात आहे, हेडफोनच्या रूपात.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: घरी राहिलात ते चुकलं नाही, थाप मारलीत ते चुकलं. नीती वगैरेसाठी म्हणत नाही मी, थाप महागात पडते म्हणून म्हणते. जे काम तुम्ही लपवून करताय त्याबद्दल तुमच्याशी कोण बोलणार? शेजारचे काका तुम्हाला कंपनीचंच विचारणार, कारण तुम्ही त्यांना दुसरं काही विचारायला जागाच ठेवली नाही. शिवाय ही थाप आता फार टिकत नाही. मुलगी २० महिन्यांची आहे. आणखी सहा महिन्यांत वाक्यं बोलायला लागेल आणि भरलेल्या लिफ्टमध्ये जाहीर करेल, की बाबा ऑफिसला जातच नाही. तिच्या आधी तुम्ही सांगितलेलं बरं.

तुम्ही एकटेही नाही. २०११ च्या जनगणनेत 'मुख्य काम घरकाम' असं सांगणाऱ्या बायका होत्या सुमारे १६ कोटी, आणि पुरुष सुमारे ५८ लाख. बायकांपुढे किरकोळ आकडा, पण ५८ लाख माणसांनी दारात आलेल्या गणकाला खरं सांगितलं ना? हे आकडे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२१ मधल्या एका अपघात-भरपाईच्या निकालात घेतले आहेत. घर सांभाळणारी व्यक्ती काम करत नाही ही समजूतच चूक आहे आणि भरपाई ठरवताना त्या कामाचं मोल धरलं पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. २०१९ च्या सरकारी पाहणीतले मिनिटांचे हिशेबही त्यात आहेत. घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात तेव्हा बाईची दिवसाला २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. २०२७ च्या जनगणनेचा गणक तुमच्या दारात येईल तेव्हा त्याला तरी वर्क फ्रॉम होम सांगू नका.

आणि शब्द नाही म्हणून अडत असेल, तर तोही आहे. 'गृहिणी'ला पुल्लिंगी काय, असं लोक मोठ्या खोचकपणे विचारतात. अहो, गृहस्थ! घरात राहणारा तो गृहस्थ. इतका भारदस्त शब्द आपल्याकडे असून आपण तो सकाळी नऊला घराबाहेर पडणाऱ्या माणसाला देऊन टाकला.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. काय संपलंय, काय आणायचं ते बायको ऑफिसातून मेसेज करते. इथे मात्र मी तुमच्या बायकोच्या बाजूने आहे. खराडीत कामात बुडालेली असताना तिच्या डोक्यात डायपर किती उरले आणि नाचणीचं सत्त्व संपत आलंय का, हे चालू आहे. घराची वही अजून तिच्याकडेच, तुमच्याकडे फक्त पिशवी. मग रात्री आल्यावर ती तपासणी करणार नाही तर काय करेल? तुम्ही क्वालिटीला होतात, दुसऱ्यांचा माल तपासायचात. ज्याच्याकडे जबाबदारी असते तो तपासतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. वही तुमच्याकडे घ्या. तिने मेसेज करायच्या आत सामान घरात असायला हवं. लसीची पुढची तारीख, कोणता फ्रॉक आखूड झाला, मावशींची सुट्टी, गॅसचा नंबर, सगळं तुमच्या डोक्यात. महिनाभर हे करा, मग तिला शांतपणे सांगा, "आता फ्रॉक मी ठरवतो." तेव्हा तो तुमचा अधिकार असेल. आज म्हणालात तर नुसता रुसवा दिसेल.

तिचीही एक बाजू आहे. ऑफिसात तिला रोज कोणीतरी विचारत असणार, इतक्या लहान मुलीला सोडून राहवतं कसं गं? तुम्हाला चाकणला हा प्रश्न एकदा तरी कोणी विचारला होता का? दारातून आत आल्या आल्या ती जे प्रश्न विचारते ते बऱ्याचदा तपासणीचे नसतातच, तिच्या हातून निसटलेल्या दहा-अकरा तासांचे असतात. दुपारी न मागता एक फोटो पाठवत जा. वरणभाताने माखलेल्या तोंडाचा चालेल. काय खाल्लं, हा प्रश्न त्यातच मिटतो.

पैशाचं मात्र लगेच सोडवा, लग्नाच्या आधी. दोनशे मागायला लागणं वाईटच, आणि पाचशे आले म्हणून ते कमी वाईट होत नाही. हे आम्ही बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलंय, पोह्यांच्या डब्यात नोटा लपवून. त्याचा सूड म्हणून तुम्हीही तेच भोगा असं मी म्हणणार नाही. एक जोडखातं उघडा. तिचा पगार झाला की त्यातून घरखर्च तिकडे वळवायचा आणि दोघांनाही सारखीच ठरावीक रक्कम आपापल्या खात्यात, जिचा हिशेब कोणी कोणाला द्यायचा नाही. तुमच्या नावाचं पीपीएफ असेल तर बंद पाडू नका. वर्षाला किमान ५०० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. शिवाय जुन्या कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर गेला असणार, तेव्हा तिच्या ऑफिसच्या पॉलिसीत तुमचं नाव आहे का ते आज बघा. आणि घर एका पगारावर चालतंय, तर टर्म इन्शुरन्स तिच्या नावावर हवा. बरेच लोक अजून तो फक्त नवऱ्याचा काढतात.

कराडला जा. मुलीला घेऊन जा. पण त्याआधी अण्णांना फोन करा, नाहीतर मांडवात ते एक सांगतील आणि तुम्ही दुसरं. त्यांनी थाप मारली ती तुमची लाज झाकायला, तेव्हा त्यांना रागावू नका. "अण्णा, मी आता खरं सांगणार आहे, तुम्हीही सांगा," एवढंच. ते चिडतील, गप्प बसतील, फोन आईकडे देतील. बसू देत.

मांडवात कोणी विचारलं, सध्या काय चाललंय, तर सांगायचं, "नोकरी सोडली, मुलीला सांभाळतो." एवढ्यावर थांबायचं. गुजरातची लाइन, बायकोचा पगार, पाळणाघरातली आजारपणं, काही सांगू नका. कारणं द्यायला लागलात की समोरचा न्यायाधीश होतो. कोणीतरी 'बायकोच्या जिवावर' म्हणेल. एखादा जुना माणूस 'बाईलबुद्ध्या' म्हणेल, निदान शब्द तरी चांगला आहे. ते ऐकून घ्यायचं आणि मुलीचं नाक पुसायचं. खरी पंचाईत वेगळीच होणार आहे. काकू, आत्या, माम्या तुमचं कौतुक करतील. किती गं गुणाचा, डायपरसुद्धा बदलतो! तेव्हा फार फुलू नका. हेच सगळं तुमच्या बायकोने सहा महिने रात्री जागून केलं, तेव्हा या माम्यांपैकी एकीलाही त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

सोसायटीच्या बागेत आया तुम्ही आलात की आवाज खाली आणत असतील. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला माहीत आहे. परका पुरुष बाकावर येऊन बसला की बायका सावध होतात, त्यात तुमचा अपमान नाही. शिवाय आजवर त्यांना हेडफोन लावलेला माणूस दिसत होता. रोज त्याच वेळेला, त्याच बाकावर या आणि पंधरा दिवसांनी एक कामाचा प्रश्न विचारा. दाढा येताना तुम्ही काय दिलंत, एवढा पुरतो. बस स्थानकावर हिरकणी कक्षाच्या दाराशी तुम्ही मुलीला घेऊन अडकाल, ते मात्र तुमच्या हातात नाही. तो दूध पाजणाऱ्या आयांचा आडोसा आहे आणि तसाच राहायला हवा. डायपर बदलायचा ओटा बापालाही जाता येईल अशा जागी हवा, हे तिथल्या तक्रारवहीत जरूर लिहा. मीही लिहिते.

नोकरी शोधू का? हवी असेल तर शोधा. चाकण आठवत असेल, मशिनचा आवाज, माणसं, पगाराची स्लिप, तर ते आठवणं खोटं नाही आणि त्यासाठी कोणाची माफी मागायला नको. मुलगी तीनची होईपर्यंत थांबायचं की आत्ताच, ते दोघांनी बसून ठरवा, पहिल्यांदा ठरवलंत तसं. पण कराडच्या लग्नाआधी सांगायला काहीतरी हवं म्हणून शोधत असाल, तर थांबा. महिनाभरात घाईने मिळालेल्या नोकरीचं नाव मांडवात दोन मिनिटं पुरतं, आणि सहाची बस नंतर रोज पकडावी लागते.

आणि ता. क. सगळ्या पत्रात मला सर्वांत आवडलेला प्रश्न तोच, कारण तो लोकांबद्दल नव्हता. मुलगी सकाळी किती वाजता उठते ते लिहिलं नाहीत, पण आई रात्री आठनंतर येत असणार, म्हणजे मुलगी अकरापर्यंत जागत असणार आणि सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत झोपत असणार. मग एकला झोप येईल कुठून? रोज पंधरा मिनिटं आधी उठवा. असं करत आठपर्यंत आणा. अकराच्या आत बागेत घेऊन जा, चांगली पळू दे, आल्यावर कोमट पाण्याने हातपाय धुवा, मऊ भात, मग खोलीत अंधार. थोपटताना मनगट वापरू नका, तळहात पाठीवर नुसता ठेवा आणि आपला श्वास संथ करा. पहिल्या आठवड्यात तिच्या आधी तुम्हीच झोपाल. मावशींना किल्ली देऊन ठेवा.

– ताई