आधी तिथी बघा, मग दुर्बिण

प्रश्न : ताई, माझी मुलगी चौथीत आहे, तिला पक्ष्यांचं वेड लागलंय. मागच्या रविवारी सीवूड्सच्या डीपीएस तलावावर गेलो, पोचलो साडेआठला, फ्लेमिंगो सोडाच, चार बगळे दिसले, पोर रडकुंडीला आली. थंडीच्या एका दिवसात तलाव आणि जंगल दोन्ही होईल का? आणि दुर्बिण कुठली घेऊ?
– एक आई, घणसोली

उत्तर : होईल की! तुम्ही गेलात तेव्हा बहुतेक ओहोटी असणार. ओहोटीला फ्लेमिंगो ठाण्याच्या खाडीत चिखलावर पांगून खात असतात, भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो आणि मग ते थव्याथव्याने या उथळ तळ्यांवर येऊन उभे राहतात. म्हणून आधी भरतीची वेळ बघायची. आपल्या कोळ्यांचा हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करा, म्हणजे चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. पौर्णिमा-अमावस्येला भरती मोठी आणि दुपारी बाराच्या आगेमागे, तुम्हाला हाच दिवस हवा, कारण सकाळ जंगलाला मोकळी मिळते.

सातला ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पोचा, उन्हं चढली की जंगल गप्प होतं. फार चालू नका, एका झाडाखाली दहा मिनिटं नुसतं उभं राहा. तांबट पक्ष्याचं टुक टुक चालूच असतं, मग अचानक छोट्या पक्ष्यांची टोळी येते, निखार, सुभग, आणि नाचण असला तर शेपटीचा पंखा उघडून फांदीवर गिरक्या घेताना दिसेल, मुलीला तो फार आवडेल बघा. मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलवू नका प्लीज, बिचारा आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला समजून खाणंपिणं सोडून शोधत बसतो.

साडेदहापर्यंत तळ्यावर या आणि गुपचूप बसा. फ्लेमिंगोची चोच नीट बघायला सांगा तिला, यांच्या दोन जाती, मोठा फ्लेमिंगो आणि छोटा फ्लेमिंगो; मोठ्याची गुलाबी आणि फक्त टोक काळं, छोट्याची सगळीच गडद. खाताना डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतात. ते उडावेत म्हणून लोक टाळ्या वाजवतात, दगड मारतात, मला खरंच वाईट वाटतं, ते तिथे विसाव्याला आलेले असतात हो.

दुर्बिण ८×४२ घ्या. आठ म्हणजे आठपट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापटवाली मोहात पाडते पण लहान हातात चित्र हलतं. मुलीला जड झाली तर ८×३० चालेल.

आणि रुंद उलथण्यासारख्या चोचीचं बदक दिसलं तर तो थापट्या, त्याचं चित्र काढून मला पाठवायला सांगा तिला.