केजन, रुगारू आणि पिवळा पीतांबर

एका वाचकाने विचारले आहे की, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याहून आलेल्या मिरचीच्या सॉसच्या बाटलीवर ‘केजन’ आणि ‘रुगारू’ असे दोन शब्द आणि लांडग्याच्या तोंडाच्या माणसाचे चित्र आहे. तेव्हा ‘केजन’चा अर्थ ‘तिखट’ असा घ्यावा का, ‘रुगारू’ ही मिरचीची एखादी जात आहे का, आणि हे शब्द मराठीत कसे लिहावेत?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे, आणि ते मी ठासून देतो, कारण हा गैरवापर गेली काही वर्षे सतत कानावर पडतो आहे. बटाट्यावर लालसर मसाला भुरभुरला की ते ‘केजन’, कोंबडीला तिखट चोळले की ती ‘केजन’, आणि एका पाककृतीच्या सदरात तर ‘काजून’ असा उच्चार देऊन त्याचा काजूशी संबंध जोडलेला मी स्वतः वाचला. काजू हा शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगिजांच्या तोंडी बसून आपल्याकडे आला. त्याचा इथे काडीचाही संबंध नाही. केजन ही माणसे आहेत. जसे ‘मालवणी’ म्हणजे ‘तिखट’ नव्हे, तसेच हे आहे. त्यांच्या घरचा बराचसा स्वयंपाक कांदा, सेलरी आणि भोपळी मिरचीवर उभा असतो आणि मुळीच जहाल नसतो. १९८० च्या दशकात पॉल प्रुडोम या लुइझियानाच्याच बल्लवाचा मसाल्यात घोळून काळपट भाजलेला मासा अमेरिकेत गाजला, आणि त्या एका पदार्थाच्या आधारे जगाने एका समाजाच्या नावाचे मसाल्याचे विशेषण करून टाकले.

या माणसांचे मूळ नाव ‘अकादियँ’. आज कॅनडात असलेल्या नोव्हा स्कोशियाच्या परिसरात फ्रेंचांची अकादी नावाची वसाहत होती. १७१३ च्या तहाने तिचा मोठा भाग इंग्रजांकडे गेला, आणि १७५५ पासून इंग्रजांनी दहा हजारांहून अधिक अकादियनांना घरादारातून उठवून जहाजांत कोंबले. त्यांच्यातले सुमारे दोनशे लोक जोसेफ ब्रुसार याच्या पुढारपणाखाली १७६५ मध्ये लुइझियानाला पोचले आणि तिथल्या दलदलीच्या मुलखात रुजले. अकादियँ या शब्दाचा आद्य ‘अ’ बोलताना गळाला, ‘कादियँ’ राहिले, आणि त्यातल्या ‘द्य’चा ‘ज’ झाला, म्हणून ‘केजन’. हे वाचून मराठी माणसाने चकित होण्याचे कारण नाही, कारण आपली भाषा हेच करून मराठी झाली आहे: अद्य, अज्ज, आज, विद्युत्, विज्जु, वीज. उत्पद्यतेपासून उपजणे आले, वाद्यापासून वाजणे आणि बाजा आले. ज्या वाटेने विद्युतेची वीज झाली त्याच वाटेने कादियँचा केजन झाला. म्हणून ‘केजन’ला ‘अकादियनचा भ्रष्ट उच्चार’ म्हणणाऱ्यांनी आधी ‘आज’ म्हणणे सोडावे.

सॉसबद्दल थोडेसेच सांगतो. लुइझियानाच्या धाटणीच्या सॉसमध्ये तीन जिन्नस असतात: लाल मिरची, मीठ आणि व्हिनेगर. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध टॅबॅस्को, जो एडमंड मॅक्इल्हेनी याने १८६८ मध्ये अ‍ॅव्हरी आयलंड या मिठाच्या टेकाडावर धंदा म्हणून सुरू केला. तो मेरिलंडचा, केजन नव्हे. नावही मेक्सिकोतल्या एका प्रांताचे. त्या मिरच्या तोडणाऱ्या मजुरांच्या हातात लाल रंगवलेली एक छोटी काडी असे, जिला ते फ्रेंचमध्ये ‘पती बाताँ रूज’ म्हणत. ती मिरचीशेजारी धरायची, रंग तंतोतंत जुळला तरच मिरची खुडायची. मग मिठातला ठेचा ओकच्या पिंपांत भरून, झाकणावर मिठाचा थर देऊन, तीन वर्षांपर्यंत मुरवतात. लोणचे मुरण्याची वाट पाहिलेल्या माणसाला यात काही परके वाटू नये.

आता रुगारू, ज्याच्यासाठी मी खरे तर हे लिहायला बसलो. ती मिरची नाही. केजन लोककथेत लांडग्याचे डोके आणि माणसाचे धड असलेला, रात्री दलदलीत आणि उसाच्या शेतांत फिरणारा तो प्राणी आहे, आणि मुले वेळेवर घरी यावीत म्हणून आया त्याचे नाव घेतात. हे लोक कॅथलिक असल्यामुळे कथेत उपास येतोच: ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांचे नेम ज्याने लागोपाठ सात वर्षे मोडले तो रुगारू होतो, असे सांगतात. त्याला घराबाहेर ठेवण्याचा उपाय मला फार आवडतो. दाराशी किंवा खिडकीच्या चौकटीवर तेरा बारीक वस्तू, म्हणजे खडे, बिया, नाणी असे काहीही, ओळीने मांडून ठेवायचे. रुगारूला बारापर्यंतच मोजता येते. तेराव्या वस्तूपाशी तो अडतो, पुन्हा पहिलीपासून सुरुवात करतो, पुन्हा अडतो, आणि असे करता करता उजाडते. आजही लुइझियानातल्या हूमा या गावी त्याच्या नावाने दरवर्षी उत्सव भरतो, मग सॉसच्या बाटलीवर तो आला यात नवल ते काय!

शब्द म्हणून रुगारू हे फ्रेंच ‘लू-गारू’चे रूप आहे. शब्दात पुढे येणाऱ्या ‘र’ने आपल्या ओढीने आधीच्या ‘ल’चा ‘र’ केला. ‘रलयोरभेदः’ हे वचन आपल्या वैयाकरणांना पाठ होते, आणि ‘रोमांच’ व ‘अनुलोम’ हे दोन्ही शब्द वापरणाऱ्या मराठी माणसाला रोम आणि लोम एकच आहेत हे सांगावे लागू नये.

खरी गंमत ‘लू-गारू’ फोडला की दिसते. ‘लू’ म्हणजे लॅटिन ‘लुपुस’, म्हणजे लांडगा. मग ‘गारू’ काय? काही जुने फ्रेंच शिकारग्रंथ सांगतात की ज्याच्यापासून ‘जपून’ राहायचे, सावध राहायचे, तो गारू. आणि ही व्युत्पत्ती आजही मोठ्या विश्वासाने पुढे सरकवली जाते. ती साफ चूक आहे, आणि तिचे खंडन आठशे वर्षांपूर्वीच झालेले आहे. बाराव्या शतकातली कवयित्री मारी द फ्रान्स हिच्या ‘बिस्क्लाव्रे’ या पद्यकथेत ती सांगते की नॉर्मन लोक या प्राण्याला ‘गारवाफ’ म्हणतात. शेवटचा तो ‘फ’ पाहिला की सारे उलगडते: हा जर्मानिक ‘वेर-वुल्फ’ आहे, म्हणजे ‘माणूस-लांडगा’. जर्मानिक बोली बोलणाऱ्या फ्रँक लोकांकडून तो फ्रेंचमध्ये आला, झिजत झिजत ‘गारू’ झाला, आणि इतका झिजला की त्यात लांडगा आहे हे कुणाला कळेनासे झाले. म्हणून लोकांनी त्याच्यापुढे आणखी एक लांडगा आणून बांधला.

म्हणजे लू-गारू हा थेट आपला ‘पिवळा पीतांबर’ आहे. ‘गाईचे गोमूत्र’ आहे. शाळेत आपल्याला हा दोष म्हणून शिकवला, आणि मला ते कधीच पटले नाही. माझे मत असे आहे की अशी द्विरुक्ती अडाणीपणातून येत नाही, तर काळजीतून येते: बोलणाऱ्याला जुना शब्द टाकायचा नसतो, पण त्याचा अर्थ हरवू लागलेला जाणवतो, म्हणून तो त्याच्या हाताला नवा शब्द धरून देतो. ‘पीत’ कळेनासे झाले तेव्हा कुणीतरी ‘पिवळा’ जोडला म्हणूनच पीतांबर घरोघरी टिकला. ‘पावरोटी’तही पोर्तुगीज पाव आणि देशी रोटी असेच एकमेकींना सांभाळून चालतात.

आणि हे दोन लांडगे आपल्याला अनोळखी नाहीत. ‘वेर’ म्हणजे माणूस, तोच लॅटिनचा ‘विर’ आणि आपला ‘वीर’. ‘वुल्फ’, ‘लुपुस’ आणि ग्रीक ‘लिकोस’ हे तिघे संस्कृत ‘वृक’चे सख्खे भाऊ. वृक आपण एरवी बोलत नाही, पण गीतेच्या पहिल्याच अध्यायात पौण्ड्र शंख फुंकणारा ‘भीमकर्मा वृकोदरः’ आपल्या कानांत आहे, लांडग्याची भूक पोटात असलेला भीम. तेव्हा लू-गारूचे संस्कृतात अक्षरशः रूपांतर करायचे तर ते ‘वृक-वीर-वृक’ असे होते: मध्ये माणूस, दोन्ही बाजूंना लांडगे.

ग्रीक लिकोस आला म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘अकादी’ हे नाव कुठून आले याविषयी दोन पक्ष आहेत. एक पक्ष ते तिथल्या मिगमाग या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या, ‘अमुक गोष्टीची विपुलता असलेली जागा’ दाखवणाऱ्या प्रत्ययापासून काढतो. दुसरा म्हणतो की व्हेराझानो या दर्यावर्दीने १५२४ मध्ये अटलांटिकचा एक किनारा पाहून, तिथल्या झाडांच्या सौंदर्यावरून त्याला ग्रीसमधल्या ‘आर्केडिया’चे नाव दिले, ते नकाशांवर उत्तरेकडे सरकत गेले आणि वाटेत त्यातला ‘र’ गळला. मिगमाग पक्षाचे म्हणणे हल्ली फार आदराने मांडले जाते, परंतु त्या प्रत्ययाने नाव तिथे टिकायला मदत केली असेल एवढेच मी मान्य करीन. नाव जन्मले ते व्हेराझानोच्या लेखणीतून, कारण नकाशांवरचा त्याचा प्रवास पावलोपावली दिसतो. आणि आर्केडिया म्हणजे कोण? ज्याने ग्रीकांच्या देवराज झ्यूसची परीक्षा पाहण्यासाठी त्याच्या ताटात माणसाचे मांस वाढले आणि शापाने जो लांडगा झाला, त्या लिकाओन राजाचा मुलूख! युरोपच्या पुराणांतला सर्वांत नामांकित लांडगामानव ज्या भूमीतला, तिचेच नाव समुद्रापार जाऊन, हद्दपार होऊन, झिजून ‘केजन’ झाले आणि पुन्हा एका लांडगामानवाशेजारी बाटलीवर येऊन बसले. हा योगायोग आहे, कार्यकारणभाव नाही, हे मी जाणतो. पण शब्दांवर प्रेम करणाऱ्याला असा योगायोग वर्षातून एकदा जरी भेटला तरी पुरतो.

राहिला लेखनाचा प्रश्न. ‘केजन’ आणि ‘रुगारू’ हे उच्चाराला धरून आहेत आणि तसेच लिहावेत. ‘कॅजून’, ‘काजून’ टाळावे. अर्थ सांगायचाच असेल तर कंसात ‘वृकमानव’ पुरेसा आहे. मात्र चित्राखाली ‘रुगारू लांडगा’ असे कृपा करून लिहू नये, कारण त्या शब्दात दोन लांडगे आधीच आहेत.