घरातल्या गमतीदार वस्तू, उन्हाळ्यातलं थंड गोड आणि मॉलमधल्या ब्रँडचे कपडे: तुमची लाडकी खरेदी कोणती? आणि असल्या खरेदीला 'कचरा' म्हणणाऱ्यांना काय उत्तर देता?

प्रश्नाचा दुसरा भाग नसता तर मी वाचून पुढे गेले असते. पण माझ्या किटलीला चारचौघांत कचरा म्हटलं गेलंय, त्यामुळे आता ऐकाच.

किटली शिट्टीची आहे. तोटीवर छोटा लाल पक्षी बसलेला असतो, पाणी उकळलं की तो ओरडतो. मायकल ग्रेव्हज या अमेरिकन वास्तुविशारदाने 1985 मध्ये अलेस्सी या इटालियन कंपनीसाठी केलेलं हे डिझाइन. माझी जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेली आहे, निळ्या मुठीवर चरे आहेत. सकाळी डोळे धड उघडलेले नसताना कोणी आपल्यावर ओरडलं तर डोकं फिरतं, पण पक्षी ओरडला की हसू येतं. ओतायच्या आधी त्याला तोटीवरून उपटून बाजूला ठेवायचं, ओतून झालं की परत बसवायचा. एवढ्याशा खेळाने सकाळ बरी जाते. शिवाय ते ओरडणं कामाचं आहे. मी दुसऱ्या खोलीत फोनवर बोलत असले तरी पाणी आटून भांडं करपत नाही.

शिट्टी वाजते कशी, हे मी हौसेने वाचून काढलंय. शिट्टीच्या आत भोक पाडलेल्या दोन चकत्या थोडं अंतर ठेवून बसवलेल्या असतात आणि वाफ त्यांतून बाहेर पडते. नेमका आवाज कुठून येतो याचा नीट छडा 2013 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी लावला. आधी जो घोगरा सूर येतो तो रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर येतो तसा. वाफेचा जोर वाढला की बाहेर पडताना तिचे बारीक भोवरे होतात आणि खरी शिट्टी सुरू होते. म्हणजे ज्याला आमच्याकडे खेळणं म्हणतात, त्याच्या आवाजाचा उलगडा व्हायला एकविसावं शतक उजाडलं.

खेळणं म्हणणाऱ्या म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. ताई म्हणते मी त्यांना. माणूस प्रेमळ आहे, अडीनडीला धावून येणाऱ्या आहेत, पण माझ्या वस्तू दिसल्या की नाक मुरडलंच. "पाणी काय पातेल्यात उकळत नाही का गं? घरात लहान मूल नाही आणि खेळणी कशाला?" जेवायला बसलेले सगळे हसले. माझा नवराही हसला, त्याचं नंतर बघून घेतलं.

आता याच ताईंच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, आतल्या दिव्याखाली काय उभं आहे? लिंबू पिळायचं यंत्र! तीन लांब पाय आणि वर उभ्या पन्हळींचं टोकदार डोकं. तुम्ही फोटोत नक्की पाहिलं असेल. मूळ वस्तू फिलिप स्टार्क या फ्रेंच डिझायनरची, तीही अलेस्सीचीच, 1990 ची, नाव 'जूसी सालिफ'. स्टार्कने त्याचं पहिलं चित्र इटलीत जेवायला बसला असताना कागदी रुमालावर काढलं होतं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातही ते आहे. ताईंकडे आहे ती त्याची नक्कल, कोणी बनवली देव जाणे, पण येणाऱ्या प्रत्येकाला संग्रहालयाची गोष्ट सांगितली जाते. एक गोष्ट मात्र त्या सांगत नाहीत. दहा वर्षं झाली तेव्हा मूळ वस्तूची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती निघाली होती आणि ती फक्त शोभेची होती. लिंबाच्या आम्लाने मुलामा खराब होईल म्हणून तिच्यावर लिंबू पिळायचंच नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात ताईंकडे बरीच मंडळी जेवायला होती आणि गोडाचं माझ्याकडे होतं. मी दोन गोष्टी ठरवल्या होत्या: लिंबाचा ग्रानिता आणि थंड, थरथरणारं मलईचं पुडिंग. ग्रानिता म्हणजे काही अवघड नाही. साखरेचा पातळ पाक, लिंबाचा रस आणि किसलेली साल पसरट डब्यात ओतून फ्रीझरमध्ये ठेवायचं आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने काट्याने खरवडायचं. साखर कमी घातली तर दगड होतो, कारण पाणी मऊ खडीसारखं गोठतं ते साखरेमुळे. आणि थंडीने जिभेला गोडी कमी लागते, म्हणून गोठवायच्या आधी मिश्रण जरा जास्तच गोड लागलं पाहिजे. आरोग्यवाल्यांनी इथे कमेंट करू नये, ग्रानिता रोज खायचा नसतो.

तर लिंबं पिळायला घेतली. ताईंचं रोजचं प्लास्टिकचं पिळणं सापडेना. मी म्हटलं, "ताई, ते कपाटातलं द्या ना." त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जन्मात विसरणार नाही. पण भोवती पाहुण्या बायका होत्या, नाही कसं म्हणणार? निघालं ते बाहेर. खाली वाडगा ठेवला, अर्धं लिंबू डोक्यावर दाबून फिरवलं. थोडा रस टोकावरून वाडग्यात पडला, बाकीचा पायांवरून ओघळत ओट्यावर. बिया सगळ्या वाडग्यात, कारण अडवायला जाळीच नाही. दुसरं लिंबू दाबलं तर तिन्ही पाय ओल्या ओट्यावरून सरकले आणि वाडगा हातात धरायची वेळ आली. उरलेली लिंबं मी मुठीत पिळली आणि ते यंत्र पुसून परत दिव्याखाली गेलं. नाव मोठं, लक्षण खोटं. कोणीही त्याला कचरा म्हटलं नाही, हे लक्षात घ्या.

मग पुडिंग. साय, दूध, साखर गरम करायची, भिजवलेलं जिलेटिन विरघळवायचं, गार झालं की फ्रीजमध्ये. मिश्रण कोमट झालं तोवर ताई ताज्या अननसाच्या फोडी घेऊन आल्या. "यात घाल, उन्हाळ्यात फळ पाहिजेच." मी म्हटलं, "ताई, कच्चं नको, दोन मिनिटं शिजवून घेते." "शिजवलं की सत्त्व जातं गं त्यातलं."

सत्त्व जातं, बरोबर आहे, आणि तेच घालवायचं असतं. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर म्हणजे एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. जिलेटिन हे प्रथिनच. त्याच्या जाळ्यात पाणी अडकतं म्हणून पुडिंग उभं राहतं. जाळंच कापलं गेलं तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, पातळ ते पातळच. पपई आणि किवीचंही तसंच, त्यांच्यातही अशी विकरं आहेत. फळ शिजवलं की विकर निकामी होतं, म्हणून डब्यातलं अननस चालतं. हे सगळं मी त्यांच्याच ओट्यापाशी उभं राहून सांगितलं. पण घर त्यांचं, भांडं त्यांचं. फोडी पडल्या.

मी गप्प राहून वेगळ्या छोट्या भांड्यात अगर घालून थोडं केलं. आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो तेच. ते समुद्री शेवाळातून येतं, प्रथिन नाही, त्यामुळे अननसाच्या विकराला त्यात तोडायला काही सापडत नाही. मी त्यात मुद्दाम त्याच कच्च्या फोडी घातल्या. हो, मुद्दाम.

जेवणं झाली, फ्रीज उघडला. माझं भांडं हलवलं की थरथरत होतं. ताईंचं मोठं भांडं तिरकं केल्यावर दूध काठापर्यंत आलं. ताई म्हणाल्या, "फ्रीज बिघडलाय वाटतं." त्याच फ्रीजमध्ये, त्याच कप्प्यात, शेजारी माझं घट्ट झालेलं भांडं! नाचता येईना अंगण वाकडं. आणि यावर कडी म्हणजे त्यांनी ते पातळ मिश्रण उंच ग्लासांत ओतलं, वरून माझा ग्रानिता टाकला आणि नवीन पेय म्हणून वाढलं. मंडळींनी मिटक्या मारल्या. एका काकूंनी कृती विचारली, तर ताईंनी सांगितली सुद्धा.

असो. तुम्ही कपड्यांचंही विचारलंय. ब्रँडच्या कपड्यांत माझे दोन लाडके आहेत. एक लिननचा सैल शर्ट, सेलच्या रॅकवर शेवटी लटकत होता, कारण चुरगळलेला दिसत होता. लिनन चुरगळणारच, त्याचा धागा ताठ असतो, दुमडला की परत सरळ होत नाही. ज्याला ते खपत नाही त्याने घेऊ नये, पण उन्हाळ्यात त्याच्यासारखं कापड नाही. घाम टिपतं आणि पटकन वाळतं. दुसरा म्हणजे बारीक चुण्यांचा पॉलिस्टरचा स्कर्ट. एरवी मी उन्हाळ्यात पॉलिस्टरला हात लावत नाही, पण चुण्यांना तेच हवं. त्या उष्णतेने पक्क्या बसवतात आणि पॉलिस्टर त्या धुतल्यावरही सोडत नाही. सुती स्कर्टच्या चुण्या एका धुण्यात जातात.

बाकी दुकानात काय बघायचं? कपडा उलटा करा. वरून कीर्तन आतून तमाशा तिथेच कळतो. शिवणीला आत कापड सोडलंय का, की टाक्याला लागून कातरलंय? चौकडीचा कपडा असेल तर बाजूच्या शिवणीत चौकडी जुळते का? पांढऱ्या कापडाखाली हात धरा, बोटं मोजता आली तर आत काहीतरी घालावं लागणार. आणि लेबल वाचा, पाटी नाही. पाटीवर लिनन अशी मोठी अक्षरं असतात आणि लेबलवर त्याचा नाममात्र टक्का, बाकी व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा. व्हिस्कोस वाईट नाही, अंगाला गार लागतं, पण ओलं असताना त्याची ताकद कमी होते, पिळलंत तर आकार गेला. लिनन उलट ओलं झाल्यावर जास्त मजबूत. ताई आपला लिननचा म्हणून मिरवतात तो ड्रेस मी धुवायला मदत करताना पाहिलाय. लेबलवर लिनन नावालाही नव्हतं. मी बोलले नाही. इथे बोलतेय.

काही लोक म्हणतील, मोठ्या डिझायनरची वस्तू वेगळी आणि साखळी दुकानातली वेगळी. तो विटाळ कधीच संपलाय. किटलीवाले ग्रेव्हज 1999 पासून टार्गेट या अमेरिकेतल्या स्वस्ताईच्या दुकानांसाठी भांडी करत होते. कार्ल लागरफेल्ड या बड्या फॅशन डिझायनरने 2004 मध्ये एच अँड एम या साखळी दुकानांसाठी कपडे केले. आणि ग्रेव्हज नुसते पक्षी बसवणारे नव्हते. 2003 मध्ये आजारपणाने त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं, चाकाच्या खुर्चीतून त्यांचा हात नळापर्यंत पोचेना. मग त्यांनी हॉस्पिटलचं सामान आणि चाकाच्या खुर्च्यांचं काम हातात घेतलं. तोटीवर पक्षी बसवणाऱ्याला वापरणाऱ्याचा हात कुठवर जातो हेही कळत होतं. एकदा ताईंना हे सांगायचंय, पण विषय निघाला की त्या संग्रहालयावर जातात.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर, जमेल तेवढं: ज्या वस्तूला रोज हात लागतो तीच गमतीदार घ्या. किटली, चमचे, दाराचा अडसर, कात्री. कपाटात ठेवायच्या वस्तूवर मी तरी पैसे घालवणार नाही. कचरा म्हणणाऱ्याला उत्तर देत बसू नका, त्याच्या घरची शोभेची वस्तू एकदा वापरायला मागा.

थोडं उशिरा सुचलेलं. स्वस्त कपडा स्वस्त का असतो, हे 24 एप्रिल 2013 ला बांगलादेशात ढाक्याजवळ कपड्यांच्या कारखान्यांची राणा प्लाझा इमारत कोसळली तेव्हा जगाने पाहिलं. अकराशेहून जास्त कामगार गेले, त्यांतले बहुतेक कपडे शिवणारे. म्हणून दर आठवड्याला पिशव्या भरून आणणं मला पटत नाही. वर्षाकाठी मोजकं घ्या आणि झिजेपर्यंत वापरा. आणि पुडिंगबद्दल एक राहिलं: जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतं, शाकाहारी पाहुणे असतील तर आधी विचारून घ्या किंवा सरळ अगर वापरा. मात्र अगर तोंडात विरघळत नाही. जिलेटिन अंगाच्या उष्णतेने वितळतं, म्हणून त्याची मजा वेगळी.

अगरचं प्रमाण कोणीतरी विचारणारच. अर्धा लिटर दुधाला एक सपाट चहाचा चमचा पावडर, गार दुधात कालवून मग उकळी आणायची, उकळी आल्यावर दोन मिनिटं ढवळायचं. नुसतं गरम करून भागत नाही, उकळलं नाही तर ते नीट विरघळत नाही. ताईंना हे कागदावर लिहून दिलंय. कागद सापडत नाही म्हणे.