शहरातल्या नदीचं सौंदर्य मोजता येतं का? पुनरुज्जीवन करताना त्याचा काही उपयोग होतो का?

हो, मोजता येतं, आणि नदीच्या कुठल्या टप्प्यावर आधी काय करायचं हे ठरवायला त्याचा खरोखर उपयोग होतो. नदीच्या वेगवेगळ्या टप्प्यांचे फोटो सारख्या उजेडात, डोळ्यांच्या उंचीवरून काढतात आणि बऱ्याच लोकांकडून प्रत्येक फोटोला १ ते १० गुण घेतात. डॅनियल आणि बोस्टर या संशोधकांची १९७६ची पद्धत याच धर्तीची. ती अमेरिकेच्या वनखात्याने जंगलांसाठी प्रसिद्ध केली होती. कुणी सढळ हाताने गुण देतो, कुणी हात आखडून. तो फरक त्यात गणिताने काढून टाकतात. मग पाण्याचा रंग, तरंगता कचरा, काठ मातीचा की काँक्रीटचा, झाडोरा किती, मागे इमारती किती, या नोंदी गुणांशी ताडून पाहायच्या. नेमकं काय डोळ्यांना खुपतंय ते त्यातून कळतं. त्याच फोटोत काँक्रीटच्या भिंतीऐवजी गवताळ उतार दाखवून पुन्हा गुण घेतले, तर खर्च करण्याआधीच लोकांची पसंती समजते. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

मात्र दिसायला छान म्हणजे नदी निरोगी, असं नाही. जलपर्णीचा हिरवागार गालिचा फोटोत सुंदर दिसतो, पण तो बहुतेकदा सांडपाण्यावर पोसलेला असतो. उलट पडलेलं लाकूड, उघडे गोटे अस्ताव्यस्त दिसतात, पण माशांना तिथेच आसरा मिळतो. शिवाय वास फोटोत येत नाही. म्हणून पाण्याची तपासणी आणि जीवजंतूंची पाहणी सोबत हवीच, आणि फोटो पावसाळ्यातले व उन्हाळ्यातले असे दोन्ही घ्या.