पकडणं म्हणजे चीटिंग नव्हे

महिन्यातनं दोन-तीन पालक तरी हाच प्रश्न घेऊन येतात, की मॅडम पोरगं मारामारीचे गेम खेळतंय, तापट झालंय, पुढं याचं काय होणार. मागच्या पावसाळ्यात विश्रामबागेत माझ्या समुपदेशनाच्या केबिनला एक वडील नववीतल्या मुलाला घेऊन आले तेही हेच म्हणत. दोघांना विचारून लिहितेय आणि बारीकसारीक तपशील बदललेत. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतात, वय पंचेचाळीसच्या आसपास, आवाज दणदणीत. पोरगं खुर्चीच्या कडेला बसून बुटाची लेस बघत होतं.

"कंट्रोलर आपटून फोडला मॅडम, चांगला अठराशेचा."

"कुणी?" मी सवयीनं विचारलं.

दोघं गप्प. मग पोरगं हळूच म्हणालं, "पप्पांनी."

आता खरी गोष्ट अशी, की हे वडील लहानपणी एसटी स्टँडच्या मागच्या व्हिडिओ पार्लरमधले चॅम्पियन. एक रुपयाचं नाणं, गर्दी, घामाचा वास आणि 1991 साली आलेला स्ट्रीट फायटर टू हा दोघांच्या मारामारीचा गेम. शाळा बुडवून तिथं जायचे हे मात्र त्यांनी पोराला आजवर सांगितलेलं नव्हतं, ते माझ्यासमोरच पहिल्यांदा बाहेर पडलं आणि पोरानं मान वर केली. त्यांनीच हौसेनं त्याच मालिकेतले 12 जुने गेम एकत्र असलेलं 2018 चं कलेक्शन घेतलं, पोराला दाखवायला की बघ तुझा बाप काय चीज होता, आणि पोरानं महिनाभरात त्यांना हरवायला सुरुवात केली. एका रविवारी सलग एकवीस मॅच.

हरण्यापेक्षा कसं हरले ते जास्त लागलं होतं. वडील मागचं बटण दाबून ब्लॉक धरून बसायचे आणि पोरगं चालत जवळ जाऊन त्यांना उचलून फेकायचं, परत जवळ, परत फेक. "हे चीटिंग आहे मॅडम. आमच्या पार्लरमध्ये कुणी असं पकडून मारलं की मशीनपाशीच कॉलर धरायचे." पोरगं म्हणालं, गेममध्ये आहे म्हणजे आहे. दोघं आपापल्या जागी बरोबर, आणि मला वाटतं अर्ध्या घरांतली भांडणं अशीच असतात, नियम दोन आणि खेळ एक.

मला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. पुढच्या वेळी लॅपटॉप घेऊन या म्हटलं आणि पोराला सांगितलं, आज मला शिकव, पप्पा फक्त बघतील. त्यानं पहिल्यांदा हाडूकेन शिकवलं, म्हणजे र्‍यू नावाच्या खेळगड्याच्या हातातनं निघणारा तो निळा गोळा (वडील मधेच म्हणाले, आम्ही आडुकेन म्हणायचो). अंगठा खाली, तिरका, पुढं असा एका दमात फिरवायचा आणि ठोसा. मी दहादा केलं, आठ वेळा नुसता ठोसाच निघाला. पोरगं म्हणे, "तुम्ही घाई करताय, तिरकं सुटतंय." मग मी उड्या मारायला लागले तर म्हणालं उडी नको, एकदा उडालं की हवेत दिशा बदलता येत नाही, कुठं पडणार ते समोरच्याला आधीच कळतं, तो खालनं शोर्युकेन, म्हणजे उसळी मारून वर जाणारा ठोसा, हाणतो. बघा, खाली मान घालून बसणारं हेच पोरगं. वीस मिनिटं बोलत होतं.

मग मी तो प्रश्न विचारला, पकडणं ठेवलंच कशाला? ते म्हणालं, "नाहीतर सगळे ब्लॉक करूनच बसतील की." मारणं ब्लॉकनं अडतं, ब्लॉकवाल्याला पकडता येतं, पकडायला आलेल्याला मारता येतं. वडील एकदम म्हणाले, "म्हणजे जवळच येऊ द्यायचं नाही." आमच्याकडं कुस्ती बघून वाढलेल्या माणसाला ही गोष्ट तीस वर्षं कळली नव्हती याचं मला हसू आलं, तालमीत अंतर तोडू न देणं ही पहिली शिकवण, वस्ताद पहिल्या दिवशी ढाकेसारखा डाव शिकवतो का?

आता पालकांच्या मूळ प्रश्नाचं. गेममधल्या ठोशांनी पोरगं बाहेर ठोसे मारेल असं सरळ गणित मी तरी मांडत नाही. मी वेगळं बघते. जागतिक आरोग्य संघटनेनं आयसीडी-11 या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर घातलाय, तो 2022 पासून लागू आहे, पण त्यात तास मोजलेले नाहीत: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागं पडतं, नुकसान दिसूनही थांबता येत नाही आणि हे साधारण वर्षभर चालतं. या पोराचे मार्क ठीक, क्लास चालू, झोप बरी. आठवड्याला चार-पाच तास खेळायचं. आजारी कुणीच नव्हतं. पोरगं रात्र रात्र जागत असेल, शाळा सोडत असेल, तर मात्र डॉक्टरांकडं जा, गेम लपवून ठेवून काही होत नाही.

गृहपाठ वडिलांना दिला. रोज अर्धा तास, शिकवणार पोरगं, आणि हरल्यावर "चीटिंग" म्हणायचं नाही, "कशानं लागलं?" एवढंच विचारायचं. पहिल्या आठवड्यात दोनदा म्हणालेच, कबूल केलं. मग त्यांनी एकच गोष्ट धरली, खाली बसून मधली किक, बरोबर पाय पोचेल एवढ्या अंतरावरनं. पोरगं पकडायला चालत आलं की किक. तिसऱ्या आठवड्यात एक राउंड जिंकले, मॅच नाही, आणि अडतीवर पेढे वाटले म्हणे. मला काही पोचले नाहीत.

परवा फोन आला, पोराची नव्हे तर स्वतःची तक्रार घेऊन. आता गाइल नावाचा दुसरा खेळगडी घेतलाय, त्याचा सोनिक बूम, म्हणजे लांबनं फेकायचा वार, मारायला आधी मागचं बटण थोडा वेळ दाबून धरावं लागतं, मग पुढं आणि ठोसा. "तेवढं थांबवतच नाही मॅडम, आधीच सुटतंय. यावर काही उपाय?"

पोराला विचारा, म्हटलं.

"विचारलं. तो म्हणतोय अभ्यास चालू आहे, तुम्ही ट्रेनिंग मोडला बसा."