पापणीवर त्वचेचा कर्करोग निघाला आहे, पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया आहे. यातून कोणी गेलं आहे का? मन कसं सांभाळलं?

हो, मी गेले आहे. माझा खालच्या पापणीच्या कडेवर होता. बरेच महिने रांजणवाडी समजून शेकत बसले होते, तीच ही गाठ. तुम्ही लिहिलंय की दिवसा कामात विसर पडतो, पण रात्री ‘डोळा जाईल का’ आणि ‘चेहरा कसा दिसेल’ हे दोनच प्रश्न डोक्यात फिरत राहतात. मी डॉक्टर नाही. जे सांगते आहे ते काही भोगलेलं आहे, काही माझ्या डॉक्टरांना विचारून घेतलेलं.

आधी बायोप्सीच्या रिपोर्टवर नेमकं नाव काय आहे ते बघा. तुम्ही नुसतं ‘त्वचेचा कर्करोग’ म्हटलंय, आणि त्या एका शब्दात फार वेगवेगळे आजार मावतात. माझा बेसल सेल कार्सिनोमा होता. तो हळू वाढतो आणि शरीरात दुसरीकडे पसरणं अत्यंत दुर्मीळ, पण जिथे असतो तिथे आतल्या आत पोखरत जातो, म्हणून काढावाच लागतो. स्क्वॅमस सेल, पापणीतल्या तेलग्रंथींचा सिबेशियस कार्सिनोमा किंवा मेलॅनोमा असेल तर गोष्ट वेगळी. त्यात कानापुढच्या आणि मानेतल्या गाठी तपासतात, काही वेळा स्कॅनही सांगतात. तेव्हा नाव कळेपर्यंत माझी गोष्ट स्वतःला लावू नका. इंटरनेटवरची कुणाचीच लावू नका.

आता डोळ्याचं. पापणीपुरत्या असलेल्या बेसल सेलमध्ये शस्त्रक्रिया पापणीवर होते, डोळा जागच्या जागी राहतो. डोळा काढण्याचा विचार करावा लागतो तो आजार पापणीमागे डोळ्याच्या खोबणीत शिरला असेल तर. तुमचा शिरलाय का, हा प्रश्न सर्जनना सरळ विचारा. मी दोन भेटींमध्ये तो विचारायचं टाळलं, कारण उत्तर ऐकायचं धाडस नव्हतं. तिसऱ्या वेळी बहिणीने माझ्या वतीने विचारला. ‘नाही’ असं उत्तर अर्ध्या मिनिटात मिळालं आणि त्या रात्री मी नीट झोपले.

शस्त्रक्रियेचे दोन भाग असतात, हे मला आधी कुणी समजावलं असतं तर बरं झालं असतं. पहिला भाग काढण्याचा. वरून दिसते तेवढीच गाठ असते असं नाही, म्हणून तिच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. एक रीत फ्रेडरिक मोझ यांनी १९३०च्या दशकात काढलेली: पातळ थर काढायचा, त्याची पूर्ण कड आणि तळ तपासायचा, जिथे पेशी उरल्या असतील तेवढ्याच जागी पुन्हा काढायचं. दुसरी फ्रोझन सेक्शनची, म्हणजे काढलेला तुकडा गोठवून शस्त्रक्रिया चालू असतानाच तपासायचा. काही ठिकाणी तुकडा पाठवून रिपोर्ट येईपर्यंत थांबतात आणि मगच पापणी बांधतात. तुमच्याकडे कोणती करणार आहेत ते विचारा. ‘किती कापावं लागेल’ याला डॉक्टर मोघम उत्तर देतात ते लपवाछपवी म्हणून नव्हे. कडा स्वच्छ येईपर्यंत त्यांनाही ते ठाऊक नसतं.

दुसरा भाग पापणी पुन्हा घडवण्याचा. पापणीचा साधारण पाव भाग गेला तर कडा ओढून नुसते टाके घालता येतात. पापणी सैल असेल, तर थोडा जास्त गेला तरी चालतं. वयाचा हा एकमेव फायदा मला आजवर सापडलाय. बाहेरची कातडी कमी पडली तर कानामागून किंवा दुसऱ्या पापणीवरून घेतात. माझं बरंच गेलं होतं, म्हणून ह्यूज पद्धत केली: वरच्या पापणीचं आतलं अस्तर खाली ओढून नव्या पापणीला जोडायचं. म्हणजे तो डोळा काही आठवडे बंदच! नंतर छोट्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत मध्ये कापून तो उघडतात. तुमच्या बाबतीत हे होण्याची शक्यता असेल तर आत्ताच विचारून ठेवा. एका डोळ्याने अंतराचा अंदाज जातो. पेल्यात ओतलेलं पाणी टेबलावर पडतं आणि जिन्याची शेवटची पायरी दगा देते. गाडी चालवायची नाही. मी भांड्याची कड पेल्याला टेकवूनच ओतायला शिकले आणि जिन्यात कठडा सोडला नाही. चिडचिड व्हायची ती दुखण्याने नव्हे, या असल्या गोष्टींनी.

शस्त्रक्रिया जागेवर भूल देऊन झाली, सोबत गुंगीचं औषध. भुलीची सुई टोचते तेवढा वेळ चांगलंच झोंबतं. पुढे ओढल्यासारखं वाटतं, आवाज ऐकू येतात, आणि मध्येच जळका वास येतो. तो रक्तवाहिन्या बंद करण्याच्या उपकरणाचा असतो. हे आधी माहीत असलं की दचकायला होत नाही.

चेहऱ्याबद्दल खोटा धीर देत नाही. पहिल्या आठवड्यात सूज आणि काळंनिळं गालापर्यंत उतरतं, आणि आरसा नकोसा होतो. मग ते झपाट्याने ओसरतं; व्रण मात्र मऊ व्हायला महिने लागतात. नव्या भागावर केस येत नाहीत. नाकाकडच्या कोपऱ्यात काम झालं तर अश्रूंची वाट बिघडून डोळा गळत राहू शकतो, त्यासाठी कधी बारीक नळी घालतात. आज माझ्याकडे बघून कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या येतं, फोटोत.

इंटरनेटवरचे फोटो बघू नका. बहुतेक गाठ काढल्याक्षणीचे असतात, पापणी बांधण्याआधीचे. त्याऐवजी सर्जनना त्यांच्याच रुग्णांचे, ओळख न दाखवणारे, वर्षभरानंतरचे फोटो मागा. मला मागताना संकोच वाटला, त्यांना दाखवताना मुळीच नाही.

माणसं दोन प्रकारची भेटतील: ‘पापणीचाच ना, मग काय एवढं’ म्हणणारी, आणि कॅन्सर ऐकून तुमच्याआधी रडणारी. दोघांनाही मी एकच वाक्य ठरवून ठेवलं होतं: ‘काढून टाकणार आहेत, झालं की कळवते.’ मनातलं सगळं मी फक्त बहिणीला सांगायचे. तीच प्रत्येक भेटीला वही घेऊन यायची, कारण खोलीतून बाहेर पडेपर्यंत मी निम्मं विसरलेली असायचे.

आता करण्यासारखं: चालू औषधांची यादी द्या, रक्त पातळ करणारी आणि दुकानातून आणलेल्या गोळ्यासुद्धा. मात्र स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका. धूम्रपान करत असाल तर डॉक्टरांना सांगून सोडायला आजच लागा. त्याने लावलेली कातडी नीट धरत नाही. घरी न्यायला माणूस ठरवा, उशा उंच लावून झोपायची सवय करा. आणि रात्रीचा तातडीचा फोन नंबर लिहून घ्या: वाढत जाणारं तीव्र दुखणं, अचानक अंधुक दिसणं, डोळा बाहेर आल्यासारखा वाटणं किंवा दाबूनही न थांबणारं रक्त, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.