लेकीला किडनीच्या संशोधनात जायचंय

नमस्कार नाना,

चोपड्याहून पाठवलेलं पत्र पोचलं. लेक अमळनेरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या मामांना आजीची किडनी बसवली, तेव्हापासून तिच्या मनात एकच आहे: रक्तातल्या जनुकांवरून बसवलेली किडनी टिकेल का, हे ओळखायचं. यात पोट भरेल का, की बी.एड. बरं, असं तुम्ही विचारता.

तिचा विषय हवेतला नाही. मामांचं क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) वाढतं, तोवर बऱ्याचदा किडनीला इजा झालेली असते. खात्रीसाठी बायोप्सी, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी, करावी लागते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत कोणती जनुकं किती सक्रिय आहेत हे मोजून रिजेक्शनची, म्हणजे शरीर बसवलेली किडनी नाकारू लागल्याची, चाहूल आधीच लागावी, अशी ही धडपड आहे. हृदयासाठी अशी चाचणी अमेरिकेत २००८ मध्ये मंजूर झाली. किडनीसाठीही चाचण्या आल्या, पण बायोप्सीची गरज संपलेली नाही.

अडतं कुठे, ते तिने नीट समजून घ्यावं. रिजेक्शन रोखणाऱ्या गोळ्या बंद करूनही ज्यांची बसवलेली किडनी चालते, त्यांच्या रक्तात बी-पेशींची (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) काही जनुकं जास्त सक्रिय असल्याचं २०१० मध्ये दोन संशोधनांत दिसलं. केवढी आशा वाटली होती! पुढे कळलं, की स्टेरॉइड आणि अझाथायोप्रिन ही रिजेक्शन रोखणारी औषधं घेणाऱ्यांत ही जनुकं औषधांमुळेच दबतात. म्हणजे दिसलेला फरक काही अंशी गोळ्यांचा होता. असा गोंधळ सोडवायला जीवशास्त्राइतकीच संख्याशास्त्राची जाण लागते, आणि आपल्याकडची बायोटेकची मुलं नेमकी तिथेच बिचकतात. तिने आत्तापासून संख्याशास्त्र आणि 'आर' ही संगणकभाषा शिकावी. डॉक्टर असण्याची अट नाही.

एम.एस्सी. जळगावला आपल्या विद्यापीठात होईल. बाहेर जायचं तर गॅट-बी ही बायोटेकची प्रवेश परीक्षा द्यावी, पुण्यात बायोइन्फर्मॅटिक्सही (जीवशास्त्रातली माहिती संगणकावर अभ्यासण्याचा विषय) आहे. नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळालं तर पीएच.डी.ला दरमहा विद्यावेतन मिळतं, पण एम.एस्सी. धरून सात वर्षं तरी जातील. घराला तेवढा दम नसेल, तर एम.एस्सी.नंतर जनुकीय चाचण्यांच्या लॅबमध्ये नोकरी करता येते. बी.एड. काय, पुढे कधीही करता येईल. आज तिला तिकडे वळवू नका, असं मी कळकळीने सांगेन. अहमदाबादची किडनी संस्था तुमच्या सुरत लाइनवरून गाठता येते. तिथल्या संशोधकांना तिने पत्र लिहावं.

मामांनी मात्र अशा बातम्या वाचून एकही गोळी कमी करू नये.

तिला गणित कितपत जमतं ते कळवा. पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.